नहर, बेशरम आणि मी

२ ऑक्टोबर. सायंकाळी ६.
आजपासून रोजनिशी. खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी उघडली. नऊ महिन्यांची पानं कोरी आहेत. ती आढावा घेण्यासाठी राखून ठेवतो.

आज ग्रामसभा झाली. बुधरामने भर सभेत उठून विचारलं, "अध्यक्ष, नहर कवा साफ करता जी? आमचे धान सुकून राहिले." तलाव समितीचा अध्यक्ष मी. हा तलाव आमच्या खापरपणजोबांनी बांधला, हे बुधरामला माहीत असूनही त्याचा आवाज असा! तलाव काठोकाठ भरलेला आहे. पण शेतांकडे पाणी नेणाऱ्या नहरात बेशरमीची झुडपं डोक्याएवढी उंच वाढली आहेत, गाळ साचला आहे, त्यामुळे पाणी अर्ध्यातच अडतं. खाली टोकाला बुधरामच्या आणि इतर वीस-बावीस घरांच्या धानाच्या बांध्या आहेत. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान लोंबीवर आहे, दाणा भरायचा आहे. आणखी एक पाणी पाहिजे. मला सगळं माहीत आहे. मी उभा राहून जाहीर केलं की रविवारी सकाळी सहाला श्रमदान, घरटी एक माणूस. टाळ्या पडल्या. चार-पाच जणांनी नाही वाजवल्या. नावं लक्षात ठेवली आहेत.

३ ऑक्टोबर.
मोबाइलवर एका सरांचा व्हिडिओ पाहिला. चालढकल कशी सोडावी. एकदम पॉवरफुल. म्हणून त्यांचे आणखी अकरा पाहिले. दुपार गेली, पण कामाची गेली. या गावातला एक तरी माणूस सलग साडेचार तास स्वतःत सुधारणा करू शकेल का? शक्यच नाही. यांना फक्त फावडं समजतं.
संकल्प: पहाटे पाचला उठणे.

४ ऑक्टोबर.
उठलो नाही. उद्याच्या मोठ्या कामासाठी झोप पुरी पाहिजे.
कोतवाल सुकराम आला, उद्याची दवंडी देऊ का म्हणाला. दवंडी! कोणत्या जमान्यात राहतात? मी म्हटलं, थांब, आधी रीतसर लेखी सूचना निघेल. सूचना टाइप करायला शेजारच्या केशोरीला टायपिंगच्या दुकानात गेलो. तिथे लाइन गेलेली. वाट पाहताना दोन समोसे खाल्ले. लाइन आली तेव्हा दुकानदार जेवायला गेला. असे लोक असल्यावर देश कसा पुढे जाईल?
सूचना निघाली नाही, म्हणजे नियमाप्रमाणे उद्याचं श्रमदान नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. ११.४०.
उठलो. कळलं की सकाळी सहाला सतरा माणसं फावडी, कुऱ्हाडी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आली होती. नऊपर्यंत बसली आणि गेली. बुधराम दोनदा घरी येऊन हाक मारून गेला म्हणे.
लेखी सूचनेशिवाय आलेल्या माणसांना मी जबाबदार नाही. शिस्त नावाची गोष्टच नाही.

७ ऑक्टोबर.
पुष्पाबाईने आज जेवण वाढता वाढता विषय काढला. "आपल्या बांध्या तलावाच्या खालीच हायेत. आपल्याले पाणी भेटते, म्हणून तुमाले झोप येते." बायकोला व्यवस्थापनातलं काही समजत नाही. मी शांतपणे म्हटलं, आधी प्लॅनिंग, मग अ‍ॅक्शन. ती म्हणाली, "मागच्या वर्षीही प्लॅनिंगच होतं." भाजीत मीठ कमी होतं. बोललो नाही.

८ ऑक्टोबर.
नहराचा नकाशा काढायला घेतला. तलाव निळा, नहर लाल, बांध्या हिरव्या. बेशरम कोणत्या रंगात दाखवायची यावर दोन तास विचार केला. वरवर छोटी गोष्ट वाटते, पण इथेच माणसाची क्वालिटी दिसते. जांभळा ठरवला. जांभळा पेन नाही.

१० ऑक्टोबर.
धनवंता आली. बुधरामच्या शेजारी तिच्या दोन एकर बांध्या, अगदी टोकाला. नवरा वारल्यापासून एकटीच करते. जंगल खात्याच्या रोजंदारीवरून सरळ आली होती, पायाला माती होती. खुर्ची दिली तर बसली नाही. ओच्यातून धानाच्या चार लोंबा काढल्या आणि माझ्या नकाशावरच ठेवल्या. म्हणाली, "दाबून पाहा, भाऊ."
दाबल्या. आत दाणा नव्हता.
मी म्हटलं, उद्या नक्की. ती गेली. लोंबा उचलल्या नाहीत तिने. मीही अजून उचलल्या नाहीत.
संध्याकाळी चहा प्यावासा वाटला नाही. अ‍ॅसिडिटी असेल.

११ ऑक्टोबर.
तब्येत नरम. धनवंताला 'उद्या' म्हणालो होतो, पण तारीख सांगितली नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार. पहाटे ५.०२.
उठलो!!! गाव झोपलेलं आहे. आळशी लोक.

त्याच दिवशी, ८.३०.
एकटा नहरावर गेलो. कुऱ्हाडीने बेशरमीचा एक पूर्ण बुंधा तोडला. हाताला फोड आला. फोटो काढून स्टेटस ठेवलं: 'सुरुवात मी केली आहे, तुम्ही कधी?' त्रेसष्ट लोकांनी पाहिलं. बुधरामनेही पाहिलं. त्याला लाज वाटली असणार, कारण उत्तर आलं नाही.
पाच वाजता उठल्यामुळे डोळे जड झाले आहेत. थोडं पडतो.

त्याच दिवशी, सायंकाळी ५.
फोड फुटला.

१४ ऑक्टोबर.
सकाळी उठलो तर पुष्पाबाई घरात नाही. चूल थंड. डबा रिकामा. आधी वाटलं माहेरी गेली. नऊ वाजता बिस्किटं खाल्ली. दहाला पुन्हा बिस्किटं. मग चिडून शोधायला निघालो.
नहरात होती. साडी खोचून, गुडघाभर चिखलात. आणि एकटी नाही. मोजल्या, एकतीस बायका. पुढे धनवंता बुंधे तोडून राहिली, मागे आमची पुष्पाबाई गाळ उपसून राहिली. बुधराम आणि दहा-बारा माणसं तोडलेली बेशरम ओढून काठावर टाकत होती. अर्धा नहर मोकळा झालेला. कोणीच लेखी सूचना काढलेली नव्हती.
मी पाळीवर सावलीत उभा राहून मार्गदर्शन केलं. सांगितलं, माझ्या नकाशाप्रमाणे काम टोकाकडून सुरू व्हायला पाहिजे. कोणी मान वर केली नाही. पुन्हा मोठ्याने सांगितलं. तेव्हा धनवंता म्हणाली, "बाजूले सरका, भाऊ. अंगावर बेशरम पडंल." बायका हसल्या. सगळ्यात जास्त पुष्पाबाई.
काही जणांना विनोद कळत नाही, काहींना कुठे करावा हे कळत नाही.

१५ ऑक्टोबर.
सुकरामने तलावाचं गेट उघडलं. माझी परवानगी न घेता! दुपारी पाणी टोकापर्यंत पोचलं, असं बुधरामच्या स्टेटसवरून कळलं. व्हिडिओ होता. कोरड्या भेगांत पाणी शिरतंय आणि मागे कोणीतरी ओरडतंय. धनवंता बांधावर बसलेली, हात पाण्यात. तिचं निम्मं धान वाचेल, असं बुधराम व्हिडिओत म्हणतो. निम्मं म्हणजे फिफ्टी पर्सेंट. वाईट नाही.
पण मुद्दा अधिकाराचा आहे. आणीबाणीची सभा बोलावतो. कडक भूमिका घ्यावी लागेल.

१६ ऑक्टोबर.
कडक भूमिका म्हणून राजीनामा लिहिला. दोन पानं. खापरपणजोबांपासून सुरुवात केली. एका बैठकीत पूर्ण झाला! स्वतःलाच आश्चर्य वाटलं. उद्या सभेत वाचणार. लोक विनवण्या करतील. तिसऱ्या विनंतीला परत घेईन.

१७ ऑक्टोबर. दुपारी २.
सभा ग्रामपंचायतीत झाली. मी वेळेवर, म्हणजे फक्त पाऊण तास उशिरा पोचलो. सगळे बसलेले. मी उभा राहून कागद उघडला आणि 'खापरपणजोबा' एवढंच वाचलं असेल, तेवढ्यात ग्रामसेविका नीतू मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, हा राजीनामा घेता येत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पहिली विनवणी झाली.
मग त्यांनी समितीचं रजिस्टर सर्वांसमोर ठेवलं. मागच्या वर्षी माझी निवड झाली तेव्हा संमतीची सही पंधरा दिवसांत करायची होती. त्यांनी चारदा निरोप पाठवला होता. मी दरवेळी 'उद्या येतो' कळवलं होतं. रकाना कोरा. म्हणजे चौदा महिने या तलावाला अध्यक्षच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "जे पद घेतलंच नाही, ते सोडणार कसं, काका?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
धनवंताचं नाव बुधरामने सुचवलं. अनुमोदन द्यायला हात वर झाला तो पुष्पाबाईचा. धनवंताने तिथेच रजिस्टर ओढलं आणि सही केली. चार सेकंदही लागले नाहीत.
राजीनामा घडी करून खिशात ठेवला.

त्याच दिवशी, सायंकाळी ७.
नव्या अध्यक्षांनी पहिली सूचना काढली. उद्यापासून तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं त्या सलंगीजवळची पाळ दुरुस्त करायची, घरटी एक माणूस. यादी पुष्पाबाईजवळ आहे. मी सहज पाहिली. आमच्या घरासमोर तिचं नाव. मी विचारलं, घरात पुरुष माणूस असताना माझं नाव काऊन नाही? आवाज मुद्दाम चढवला होता.
ती फावड्याचा दांडा ठोकून बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं काम हाय."