उंबराजवळचे तीन दगड

बाबा, पाया पडते. हसू नका, या वेळी खरंच पडते.

मी बरी हाय, दोन वेळा पोटभर जेवते. अजिंठ्याच्या डोंगरांत आमी पायवाटांवर पांढरे बाण रंगवतो. इथले डोंगर बुटके, माथा तव्यासारखा सपाट. सगळीकडं सारखंच दिसतं, म्हणून माणूस चुकतो.

काल एक आजोबा चुकले. सापडले तेव्हा कड्याच्या काठावर बसलेले. म्हणाले, "पोरी, बाण कुठं होता गं?" तिथला बाण आमी अजून काढलाच नव्हता.

मला आपल्या आपटा गावामागचा डोंगर आठवला. उंबराजवळ वाट फुटते, तिथं तुमी बरोबर वाटेच्या खुणेला तीन दगड रचलेत ना? इथं यायच्या आधी ट्रेकवाल्यांची गंमत करायला मी ते उचलून दुसऱ्या वाटेवर मांडले. ती वाट कड्यावर संपते. तुमाला रस्ता पाठ, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसंल.

फोनवर सांगायला तोंड नाय. आईचा गुडघा कसा हाय? तिला यातलं सांगू नका. ही चिठ्ठी मिळाली की तुमी लगेच वर जा, दगड जागेवर ठेवा. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला. लोकं तुमच्या दगडांवर भरवसा ठेवून चालतात, बाबा.

तुमची,
पाया पडलेली गोदू