खिडकीतलं रोप, कपाटातलं रोप

३ फेब्रुवारी
आजपासून या घरात माझ्या बुटांना थारा नाही! बुटांचं कपाट विज्ञानानं ताब्यात घेतलं आहे. ताई लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली तेव्हाच ओळखायला हवं होतं. लेक तिसरीत, पाय एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. बाईंनी प्रयोग दिलाय — घेवड्याची बी ओल्या कापसावर, एक ग्लास अंधारात, एक उजेडात. अंधार माझ्या बुटांच्या वाट्याचा, उजेड माझ्या लिहायच्या टेबलाशेजारच्या खिडकीतला. "मामा, कपाट उघडायचं नाही हं! मी मोजायला उघडेन तेवढंच."
बूट आतच अडकले, म्हणून चपला घालून कचेरीत गेलो. संपादक बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

९ फेब्रुवारी
खिडकीतलं तरारलंय. सारखं उजेडाकडे वाकतं. भिंगरी रोज पट्टी लावते, जीभ बाहेर काढून. इतक्या निष्ठेनं मी माझं वजनही केलेलं नाही.

११ फेब्रुवारी
वारा सुटला म्हणून खिडकी ओढली — कटकन! रोपाची बाहेर झुकलेली मान खिडकीच्या दारात सापडली.
भिंगरी शाळेत. स्वयंपाकघरात वाटीत तिनं मागाहून भिजवलेल्या बियांची रोपं होती, त्यातलं एक उचलून ग्लासात बसवलं. जरा बुटकं होतं. पोरीला काय कळतंय!
मग बसून सदर पुरं केलं. विषय: खोटे आकडे दाखवणारे साहेब लोक. छान जमलं. लाज नाही!

१२ फेब्रुवारी
कळलं. तीनदा मोजलं तिनं. "मामा, काल हे एवढं होतं!"
"तूच चुकीचं मोजलं असशील काल."
हे मी म्हणालो. किती सहज!
तिनं तरीही लिहिलं — रोप लहान झालं.

१३ फेब्रुवारी
बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'रोपं कधी लहान होतात का? डोळे उघडे ठेवून बघावं.' वर्ग हसला. हे ताईकडून कळलं.  जेवण झाल्यावर भिंगरी कालची नोंद खोडरबरानं घासत बसली, कागद फाटेपर्यंत. मी पेपर तोंडासमोर धरला. सांगायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी
तिनं आज पट्टी न घेताच आकडा लिहिला.
"मोजलंस?"
"किती वाढायला पाहिजे ते पुस्तकात आहे ना."
ताई खूश. "शहाणी झाली गं बाई!"


२० फेब्रुवारी
एका सभेत भाषण होतं, चपला चालणार नव्हत्या. चोरासारखं कपाट उघडलं. आणि बघतच राहिलो! आतलं रोप खिडकीतल्याच्या दुप्पट उंच. पिवळं, किडकिडीत, उजेड शोधत बुटांवरून फटीकडे निघालेलं.
तिच्या कागदावर मात्र: कपाटातलं वाढलं नाही.
"अगं, ते तर केवढं वाढलंय!"
"हो, दिसलं मला. पण अंधारात रोप वाढत नाही म्हणतात सगळे. मला नीट बघता येत नाही मामा."
सभेला गेलो. लोक खूप हसले. एकही वाक्य आठवत नाही.

२१ फेब्रुवारी
सांगितलं. खिडकी, मोडलेली मान, वाटीतलं रोप, सगळं. म्हटलं, आता रडेल, ओरडेल, बोलायची नाही.
ती म्हणाली, "म्हणजे माझी पट्टी बरोबर होती?"
बरोबर होती गं बाई. बरोबर होती.

२३ फेब्रुवारी
शाळेत गेलो, बूट घालून, कपाटातला ग्लास हातात घेऊन. बाईंना म्हटलं, वर्ग जेव्हा हसला तेव्हा सगळे होते, तर आताही सगळ्यांसमोरच बोलू द्या. बोललो. पोरं माझ्यावर पोट धरून हसली. बाईंनी कपाटातलं रोप वर्गभर फिरवलं, आणि भिंगरीला म्हणाल्या, "तू पाहिलंस तसंच लिही."
संध्याकाळी ती खिडकीशी उभी. "मामा, हे कालचंच ना?"
"कालचंच. शप्पथ!"
ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन पट्टी घेऊन आली.