जिनिंगातली केस स्टडी

माय, तुला सांगण्यासारखं बरंच साचलंय, पण आज एकच सांगते. मी शिकले. तू गेल्यावर, नोकरी आणि घर सांभाळून, दर रविवारी चिखलीहून एसटीने बुलडाण्याला जाऊन मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदविका घेतली. बियाण्यांच्या कंपनीत मी हजेरी मांडणारी क्लार्क होते, त्याच खुर्चीत म्हातारी झाले असते. पदविका हातात आली आणि एच.आर. अधिकारी झाले. आता कामावरच्या बायका मला मॅडम म्हणतात. ऐकून तुझा ऊर भरून आला असता, आणि म्हणूनच पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

एका रविवारी सरांनी सांगितलं, बेशिस्त कामगाराची एक खरी केस लिहून आणा आणि तुम्ही काय केलं असतं तेही लिहा. बाकीचे पुस्तकातून उतरवून आणणार, हे मला ठाऊक होतं. मला सरांच्या नजरेत भरायचं होतं. म्हणून मी तुझी लिहिली.

मी लहान आहे, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तुझी भाकर घेऊन जिनिंगात, सरकी काढायच्या कारखान्यात, आले आहे. आवारात कापसाचे ढीग, तुमच्या केसांत, भुवयांत कापूस. तुम्ही बायका खराब कापूस वेचून बाजूला टाकताय. मुकादम नवा आहे, मामापेक्षाही लहान. तो तुझ्यावर खेकसतो, "काऊन बे, हात चालत नाई काय?" आपल्याकडे 'बे' पोरासोरांना म्हणतात, दोस्ताला म्हणतात, लेकुरवाळ्या बाईला कोणी म्हणत नाही. तू हातातला कापूस खाली ठेवतेस आणि मांडी घालून बसतेस. "मी काय तुले पोट्टा दिसतो? बाई म्हन. मंग उठतो." तो हसतो. मग तुझ्या शेजारची बसते, मग सगळ्याच. मालक येईपर्यंत तू जागची हलली नाहीस. त्याने मुकादमाला सगळ्यांदेखत बाई म्हणायला लावलं, तेव्हा कुठे तुम्ही उठलात. पुढच्या हंगामात सगळ्यांना कामाचा निरोप आला, तुला आला नाही. तू लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागलीस. मी एकदा चिडून विचारलं, एका शब्दासाठी बसायची काय गरज होती? भाकर थापता थापता तू म्हणालीस, "तुले कोनी म्हनन, तवा समजन." त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही.

माझ्या केसमध्ये तू 'कामगार अ' झालीस. बोलणं उद्धट, इतर बायकांवर पकड, काम ठप्प. आणि उपाय काय लिहिला? सुरुवात करणाऱ्या व्यक्तीला आधी शांतपणे गटापासून वेगळं काढावं, वाद वाढवू नये, आणि पुढच्या हंगामात तिला बोलावू नये. म्हणजे मालकाने तुझ्याशी जे केलं तेच, फक्त शुद्ध भाषेत. सर इतके खूश झाले की त्यांनी ती वर्गात वाचायला लावली. मी नुसती वाचली नाही गं. तुझा आवाज काढला. "मंग उठतो" म्हणताना मानसुद्धा तुझ्यासारखी झटकली. वर्ग खो खो हसला. सर पुण्याकडचे, बाईच्या तोंडचं ते वऱ्हाडी 'उठतो' त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा करून दाखवलं. बढतीच्या मुलाखतीतही मी हीच केस सांगितली, अगदी मानेसकट.

या हंगामात आमच्याकडे बियाणं निवडायला ज्या बायका आल्यात, त्यांना सुपरवायझर अॅप्रनवरच्या नंबराने हाक मारतो. त्यातली एक हात बांधून उभी राहिली. "मले नाव हाये, साहेब." तिचं बघून बाकीच्याही थांबल्या. मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, हे तुमचं काम." मी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, मनातलं सगळं बोलू दिलं. ती मोकळी होऊन बोलली. जाताना म्हणाली, "तुमी आयकून तरी घेतलं, बरं झालं." ती कामावर परत गेली आणि मी मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला. हा हंगाम होऊ द्या, पुढच्या वेळी हिला आणू नका. आवाज चढला नाही, भांडण झालं नाही, मॅनेजरांनी पाठ थोपटली. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही, माय, याचीच आता भीती वाटते.

हंगाम अजून संपलेला नाही. ठेकेदाराला पुन्हा फोन करता येतो. तिला भेटून खरं काय ते सांगताही येतं. मॅनेजर नाराज होतील, कदाचित ही खुर्चीही जाईल. मला ती सोडवत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. तुझी माफी मागणं सोपं आहे, तू काही बोलणार नाहीस. ती बाई इथून जवळच्याच उंद्री गावची आहे. तिकडे जाणारी बस आज संध्याकाळी कंपनीच्या फाटकासमोर थांबली होती. ती खिडकीशी बसली होती, मला बघून हसली. मी बस जाऊ दिली, घरी आले आणि तुला लिहायला बसले.