चिंगीचा डावा कान

मंगळ., ११ फेब्रु.

काय झालं ते आधी.
१. दु. ३:४०. माझा बिट्टू आणि शेजारची चिंगी, या दोन सशांना गच्चीवरच्या जाळीत एकत्र सोडलं.
२. मी दहा मि. तिथेच बसले. बिट्टू दोनदा मागे लागला, चिंगी सरकली. वहीत लिहिलं: शांत.
३. ३:५०. खाली आले. लॅबचा मासिक अहवाल भरायचा होता.
४. ४:१५. वर गेले. जाळीत सगळीकडे केसांचे पुंजके. चिंगी कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. डावा कान टोकाला फाटलेला, साधारण एक सें.मी. बिट्टूच्या तोंडाला तिचे पांढरे केस.
५. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "ससाच चावला ना?" हो म्हटलं. औषध त्यावर ठरतं.
६. ५:३०. मंदाकाकी बाजारात ब्लाउज देऊन परत आल्या. त्यांना सांगितलं, बोका आला होता.

बोका तोंडून निसटला असं लिहिणार नाही. डॉक्टरांकडून येताना ऑटोतच ठरवलं होतं.

बुध., १२

चिंगी सध्या काकींकडे, शेजारी. इंजेक्शन झालं. मेथी खाल्ली, गवत नाही.

चिंगी खरं तर रेखाची, काकींच्या मुलीची. सासर सोडून आली तेव्हा तिने ती पाळली. वर्षभराने नोकरीला संभाजीनगरला गेली, चिंगी इथेच राहिली. काकी दिवसभर शिलाई मशीनवर, चिंगी पिंजऱ्यात एकटी. मी लॅबमध्ये, बिट्टू एकटा. जोडी लावायची कल्पना माझी. नसबंदीची ऑपरेशनं आधी करायची हेही मीच सांगितलं. दोघांना टोपल्यांत घालून गाडीने अकोल्याला नेलं, तेव्हा काकींनी अख्ख्या डब्याला सांगितलं होतं, "सोयरीक हाय आमची. पोरगी माही, पोरगा या बाईचा." समोरच्या बाईने विचारलं, "हुंडा?" काकी म्हणाल्या, "दोन जुड्या मेथी. ज्यादा मागितली तं वरात वापस."

तेव्हापासून मी इहीनबाई, म्हणजे विहीण.

आजही त्याच नावाने हाक मारली. "इहीनबाई, चहा घे वो. तोंड काऊन उतरलं तुहं? तुह्यानं थोडीच झालं?"

चहा घेतला.

गुरु., १३

वहीतला तक्ता पुन्हा पाहिला.

पद्धत अशी. ऑपरेशननंतर पाच आठवडे वेगळं ठेवायचं, तोवर नराच्या अंगातली गरमी उतरते. मग पिंजरे शेजारी, एकमेकांची फडकी बदलायची. मग दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागी रोज पंधरा मि. एकत्र, समोर बसून. पाठलाग, केस उपटणं, शेजारी बसणं, एकमेकांना चाटणं, सगळ्याची नोंद. सलग आठ दिवस शांत गेले की वेळ वाढवायची. तक्त्याचा फोटो रोज सायंकाळी काकींना. त्या तो रेखाला पुढे पाठवतात.

४, ५, ६ फेब्रु. लॅबमध्ये तपासणी होती. यायला आठ वाजत. तिन्ही दिवस त्यांना एकत्र सोडलंच नाही. तिन्ही रकान्यांत लिहिलं: १५ मि., शांत. ५ तारखेला वर "शेजारी बसले" हेही लिहिलं. सगळं सारखं दिसू नये म्हणून.

काकींचं त्यावर उत्तर होतं, "जमलं वो बाई एकदाचं." पुढे फुलं.

१० ला मी तोच तक्ता वाचला. सलग आठ दिवस शांत. म्हणून ११ ला वेळ वाढवली आणि खाली गेले. माझ्याच खोट्या आकड्यांवर मीच विश्वास ठेवला. खरे मोजले तर दिवस पाच होते.

शुक्र., १४

लॅबमध्ये फ्रिजच्या तापमानाची वही माझ्याकडे. गेल्या महिन्यात शिंदेबाईंनी सुट्टीच्या दिवसाचं तापमान दुसऱ्या दिवशी भरलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, न घेतलेलं तापमान लिहू नका, रकाना कोरा ठेवा. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. तेव्हापासून रकाना चुकला की कोरा ठेवतात आणि बाजूला सही करतात.

आज त्यांनी डब्यातली भाकरी पुढे केली. नको म्हटलं. भूक होती.

रवि., १६

काळ्या म्हणजे तो बोका. काकींच्या मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीत झोपतो, तीन वर्षांपासून. आज गेले तर टोपली बाहेर उपडी. काळ्या फाटकावर. खाली उतरला की काकी कापड मोजायचा लाकडी गज आपटतात.

"तीन वर्सं दूध पाजलं याले! माह्याच पोरीवर उठला."

मी म्हटलं, मांजराचा स्वभावच असतो. खोटं आणखी नीट बसवलं. गप्प राहता आलं असतं.

"सभाव गेला खड्ड्यात. पुढच्या रविवारी सकाळी भाचा गाडी घेऊन येऊन राह्यला. जळगाव जामोदकडे वावर हाय त्याचं, तिकडं सोडून देतो म्हने."

शहरातला बोका. दुधावर वाढलेला. शेतात किती दिवस काढेल याचा हिशोब केला नाही.

सोम., १७

बिट्टू जाळीच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. चिंगीचं फडकं तिथे आहे. याचा अर्थ लावणार नाही. फडकं काढलं नाही.

मंगळ., १८

मलम लावायला गेले. चिंगी काकींच्या मांडीत, मी कान धरलेला. खपली चांगली. टोकाला खाच राहणार. त्यांना तसं सांगितलं.

काकी बराच वेळ कान पाहत होत्या. मग, चिंगीशी बोलल्यासारखं:

"रेखीच्या सासरचे म्हनत, मोरीत पडली. म्या मानलं. दुसऱ्यांदा बी मोरीतच पडली म्हने, तवा बी मानलं. एवढी पडते काय वो कोनी मोरीत?"

मलमाची नळी बंद करत होते. झाकण बसेना.

मग माझ्याकडे बघून हसल्या. "तू हाय म्हनून चिंगीची काळजी नाही मले. तू तं सारं लिवून ठेवतं. रेखीले म्हटलं म्या, पोरगी चांगल्या घरी पडली."

तेव्हाच बोलायचं होतं. "येते" म्हटलं आणि निघाले. फाटकावर काळ्या होता. माझ्या पायांत आला.

बुध., १९

काही नाही. म्हणजे, सांगितलं नाही.

काकींचा मेसेज: "तक्ता काऊन नाही पाठवून राह्यली? रेखी विचारते."

गुरु., २०

तोंडाने सांगायला दोनदा गेले. पहिल्यांदा गिऱ्हाईक बसलेलं. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. काकी म्हणाल्या, "बस वो इहीनबाई," आणि मी मलमाचं विचारून परत आले. म्हणून लिहून दिलं. फाटकात खोचलं नाही, हातात दिलं. काकींनी चष्मा शोधायला घेतला, तेवढ्यात मी निघाले. तेवढंही थांबता आलं नाही. इथे उतरवून ठेवते.

"मंदाकाकी,

त्या दिवशी काळ्या गच्चीवर आलाच नव्हता. चिंगीला बिट्टू चावला. तेव्हा मी तिथे नव्हते, पंचवीस मिनिटं खाली माझं काम करत होते. डॉक्टरांना खरं सांगितलं, तुम्हाला खोटं.

तक्त्यातल्या ४, ५ आणि ६ तारखेच्या नोंदीही खोट्या आहेत. ते तिन्ही दिवस मी त्यांना एकत्र सोडलंच नव्हतं. बाकीच्या नोंदी खऱ्या आहेत, पण आता तुम्ही त्या मानाव्यात असं मी म्हणू शकत नाही. हे रेखालाही कळवा. तिचा नंबर दिलात तर मी स्वतः सांगेन.

परवा तुम्ही मोरीचं बोललात, तेव्हा मी समोर होते आणि गप्प बसले. त्याला माझ्याकडे कारण नाही.

काळ्याला पाठवू नका. त्याने काही केलेलं नाही.

चिंगीचा कान भरला की दोघांना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करता येते. जमेल याची खात्री नाही. करायचं झालं तर प्रत्येक वेळी तुम्ही समोर असाल आणि वही तुमच्याकडे राहील. किंवा चिंगी तुमच्याकडेच राहील आणि मी पुन्हा विचारणार नाही. दोन्हींपैकी काय, ते तुम्ही आणि रेखाने ठरवा.

गाडी रविवारी सकाळी येणार आहे. म्हणून शनिवारी, २२ तारखेला, संध्याकाळपर्यंत उत्तर द्या."