फोनमधल्या दोन बाया

५ डिसेंबर २०२१, रविवार

गेटवरूनच परत पाठवतील म्हणे! रायपूरहून नागपूरपर्यंत जायचं आणि गेटाला हात लावून यायचं.

रविवार, म्हणून माईशी बोलणं झालं. आश्रमात रविवारीच फोन हातात देतात. माई माझी थोरली बहीण. मागेपुढे कोणी उरलं नाही, म्हणून नागपूरला वृद्धाश्रमात राहते. फोनवर पहिलं वाक्य तेच – कमले, तू काहून येऊन नाही राहिली वं? मागच्या रविवारीही हेच. मी दर वेळी नव्यानं सांगते, माई, रोग पसरला आहे, ती दर वेळी नव्यानं ऐकते. पण आज पुढचं बोलली.

"मी विसरून राहिली सारं. काल जेवली का नाही, तेही आठवत नाही. तुले विसरायच्या आधी ये."

हसत बोलली. मला हसता आलं नाही.

मग आश्रमाचे व्यवस्थापक श्रीपादराव बोलले. सज्जन माणूस. भेटू देतात आता, पण दोन्ही डोस झालेल्यांनाच, आणि तसं सर्टिफिकेट पाहिजे. गेटवर मशीन लावून बघतात. शिवाय नवा प्रकार निघाला आहे रोगाचा, गेट पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही, जमेल तितकं लवकर या म्हणाले.

सुया तर दोन्ही घेतल्या आहेत मी. कागद तेवढा काढायचा. किती वेळ लागतो!

६ डिसेंबर, सोमवार

लागतो वेळ.

कॉलनीच्या तोंडाशी यामिनीचं च्वाइस सेंटर आहे – झेरॉक्स, बिजलीबिल, आधार, सगळी सरकारी कामं एका खोलीत. पोट्टी आपल्यातलीच, आजोबा भंडाऱ्याचे. मराठी समजते सारी, उत्तर मात्र हिंदीत. ह्यांचा फोन घेऊन गेले. आता माझाच म्हणायचा तो, पण जीभ वळत नाही.

तिनं नंबर टाकला, आकडे आले, ते टाकले. आणि फोनमधून दोन बाया निघाल्या! एक राधिका रामकृष्ण बोकारे, पहिला डोस, एप्रिल. दुसरी कमला रामकृष्ण बोकारे, पहिला डोस, जुलै. दोघींचंही लसीकरण अर्धवट.

यामिनी एकदा फोनकडे बघते, एकदा माझ्याकडे.

"आंटी, अंकल की दो बीवियाँ थीं क्या?"

किती दिवसांनी हसले मी! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती म्हणाली, मग ह्यांतल्या तुम्ही कोण? म्हटलं, दोघी.

खाली तिसरं नाव होतं. रामकृष्ण बोकारे – दुसरा डोस बाकी. यामिनीनं झटकन अंगठ्यानं वर सरकवलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

७ डिसेंबर

घोळ माझाच. कोणाला काय म्हणू!

पहिली सुई आम्ही दोघांनी मिळून घेतली, आधार दाखवून. आधारवर राधिका. आजार तेव्हाच ह्यांच्या अंगात शिरला होता, डॉक्टर मागाहून म्हणाले. महिना संपायच्या आत गेले. मग आमचा मुलगा निरंजन पेन्शनच्या कामासाठी माझं आधार घेऊन बंगलोरला गेला, ते तिकडेच राहिलं. जुलैत दुसऱ्या सुईला मी मतदानाचं कार्ड नेलं. त्याच्यावर कमला. कारण ते काढताना वयासाठी शाळेचा दाखला दिला होता, चौथीचा, माहेरच्या नावाचा. हे म्हणायचे, दुरुस्त करून घेऊ. राहून गेलं. नवऱ्याचं नाव बरोबर, फोटो बरोबर, कोणी अडवलं नाही कधी.

सुईवाल्या पोरीनं विचारलं होतं, माताजी, पहला है कि दूसरा? दूसरा, म्हटलं. मशीनमध्ये तर दाखवत नाही, म्हणाली. मागे रांग. मी म्हटलं, जे दाखवते ते लिही बाई.

लिहिलं तिनं.

९ डिसेंबर, गुरुवार

कोणीतरी सांगितलं, असली दुरुस्ती नव्या रायपुरात मोठ्या ऑफिसात होते. गेले. बसनं उतरवलं ते भलतीकडेच. एवढे रुंद रस्ते आणि विचारायला माणूस नाही! एक कुत्रं तेवढं सोबत चालत होतं, तेही अर्ध्या वाटेतून परत गेलं. ऑफिसातल्या साहेबानं बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाला, माताजी, ये सब तो फोन से ही होता है.

परतीची बस येईपर्यंत डब्यातली पोळी खाल्ली. दारच्या मुनग्याच्या शेंगांची भाजी होती, शेवगा म्हणतात तो. एकटीसाठी केलेली भाजी डब्यात भरली की प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं. बाकी काही नाही झालं.

११ डिसेंबर

सुईच्या कागदाऐवजी टेस्टचा चालेल का, म्हणून करून घेतली. नाकात इतकी लांब काडी! निगेटिव्ह. श्रीपादरावांना विचारलं. गाडीत बसायला चालेल, आश्रमात नाही. नियम आहे ताई, आत सगळी थकलेली माणसं आहेत. खरं आहे त्यांचं. राग तरी कोणावर काढू?

१२ डिसेंबर, रविवार

माईचा फोन. आधी म्हणाली, कोण बोलते? मी म्हटलं, कमला. मग क्षणभर काही नाही. मग – हो वं, कमली!

त्या क्षणभरानं दिवसभर पाठ सोडली नाही.

१४ डिसेंबर, मंगळवार

यामिनीनं रस्ता काढला. दोन्ही बायांचं नाव एकसारखं केलं, तर मशीन दोघींना जोडून एक करते. पण नाव एकदाच बदलता येतं. चुकलं तर गेलं. म्हणून विचारून राहिली, कौन सा रखना है, सोच के बताओ आंटी.

सोच काय करायची त्यात? दोन नावांतलं एक. पण जिभेवर येईना. उद्या सांगते म्हटलं.

रात्री निरंजनला फोन केला. मीटिंगमध्ये होता, तरी उचलला बिचाऱ्यानं. म्हटलं, राधिका ठेवू की कमला?

"कमला कौन?" म्हणाला.

मग लगेच – अच्छा हां, मावशी म्हणायची ना तुला. आई, राधिकाच ठेव, आधार, पेन्शन, बँक, सगळीकडे तेच आहे. कमला का करना क्या है?

काही नाही, म्हटलं. जेवलास का?

१५ डिसेंबर

नाही गेले यामिनीकडे.

१६ डिसेंबर, गुरुवार

लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी ठरवलेलं – रामकृष्णाला राधिका शोभते. आमच्याकडे रीतच होती, पोरीनं उंबरा ओलांडला की नाव बदलायचं. मला ह्यांचं अक्षर तेवढं दिसलं, र ची शेपटी लांब ओढलेली. बायांनी विचारलं, आवडलं का? मी मान हलवली. सगळ्याच हलवतात.

पण खरं सांगू का, राधिका म्हणून मला हाक कोणी मारली? सासूबाई सूनबाई म्हणायच्या. हे – अगं, ऐकलं का. निरंजन आई. पाऱ्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, बाया निरंजन की मम्मी. सरकारी कागदांनीच काय ते राधिका म्हटलं. पहिल्या सुईच्या वेळी बाईनं दोनदा पुकारलं, राधिका बोकारे, राधिका बोकारे. मी बसूनच! शेवटी ह्यांनी कोपरानं ढोसलं. अगं, तुलाच म्हणून राहिले.

कमला म्हणणारं एकच माणूस उरलं आहे. त्याला भेटायला जायचं तर कमला पुसायची.

कोणाशी बोलू हे? यामिनीला सांगितलं तर ती म्हणेल, आंटी, नाम ही तो है. बरोबरच म्हणेल.

१९ डिसेंबर, रविवार

फोन आला, पण श्रीपादरावांचा. माई झोपली आहे म्हणाले. दुपारी चार वाजता? बरं नाही का? तसं काही नाही ताई, जरा भ्रम होतो, काल रात्री गेटाकडे निघाल्या होत्या. कमली आली आहे, तिला कोणी आत घेत नाही, म्हणून भांडत होत्या.

२० डिसेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. यामिनी शटर वर करते न करते तोच म्हटलं, राधिका कर.

"पक्का?"

हव, म्हटलं.

बटण दाबायला तिनं माझंच बोट धरलं. दिसेल दोनचार दिवसांत, म्हणाली.

२३ डिसेंबर

अजून दोन बाया दिसून राहिल्या. वेळ जात नव्हता म्हणून पंडरीच्या कापडबाजारात गेले. माईसाठी मऊ शाल घेतली, तपकिरी. दुकानदारानं विचारलं, अपने लिए? म्हटलं, बहिणीसाठी. केवढी छाती फुगली माझी ते सांगताना!

२५ डिसेंबर, शनिवार

झालं! एकच बाई उरली. राधिका रामकृष्ण बोकारे, दोन्ही डोस पूर्ण. यामिनीनं कागद छापला, प्लास्टिकात घातला. कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनावर तिचा फोन धरला तर हिरवी खूण आली. बधाई हो आंटी, म्हणाली, आणि चहा पाजला.

घरी येऊन पुन्हा फोन उघडायला जमतं का बघितलं. जमलं. राधिका आहे. खाली हे आहेत – दुसरा डोस बाकी. कमला कुठंच नाही. वरखाली सरकवून पाहिलं.

२८ डिसेंबर

आधार निरंजननं कुरियरनं पाठवलं. उद्या पहाटेची गाडी. शाल, तिळाची चटणी, दोन लुगडी, कागद. मुनग्याच्या झाडाला शेजारची पाणी घालील. पाणी कशाला, तसंही ते माझ्यापेक्षा धट्टंकट्टं आहे.

२९ डिसेंबर, बुधवार, नागपूर

आजचं लिहायलाच पाहिजे.

गेटवर चौकीदारानं मशीन धरलं. हिरवी खूण. आधार पाहिलं. पसंत! मग वही काढली. कोणाकडे? शांताबाईंकडे, म्हटलं – माईचं नाव ते. त्यानं बोट फिरवलं आणि मान हलवली. राधिका नाव नाही ह्यात. शांताबाईंनी भेटणाऱ्यांत एकच नाव दिलं आहे, कमला.

मी म्हटलं, मीच कमला. तो म्हणाला, कार्डावर तर राधिका आहे, मशीनपण राधिका म्हणते. म्हटलं, अरे, मीच ती, लग्नात नाव बदललं. कागद दाखवा, म्हणाला. कुठला दाखवू? तो कागद तर माझ्याच बोटानं पुसला होता. मतदानाचं कार्ड रायपुरात, कपाटात. जुनं म्हणून सोबत घेतलं नाही.

श्रीपादराव आले. आवाज ओळखीचा, तोंड पहिल्यांदाच पाहिलं. कार्डावरचंच नाव आत विचारावं लागतं, नियम आहे, विचारून येतो, म्हणाले. परत आले ते चेहरा पाडून. "ताई, त्या म्हणतात, राधिका नावाची कोणी ओळखीची नाही."

मी बाकावर बसले. पिशवीतून शालीचं टोक बाहेर आलं होतं, ते आत ढकललं. हरलेच म्हणायचं आता. मग वाटलं, एवढ्या लांब आले ती काय मशीनला भेटायला? उठले. गेटाच्या गजाला धरलं आणि लहानपणी नदीवरून उशीर झाला की पाणंदीच्या तोंडाशी उभी राहून मारायची, तशी हाक मारली – सारा जीव एकवटून.

"माई वं! मी आली वं!"

चौकीदार दचकला. झाडाखाली बसलेले म्हातारे माना वळवून पाहू लागले. आणि आतून, कुठल्या तरी खिडकीतून, चिरका, रागावलेला, तिचाच आवाज –

"मग उभी काहून राहिली तिथं, कमले? भाकर थंडी होऊन राहिली!"

श्रीपादरावांनी डोळे पुसले की चष्मा, कळलं नाही. चौकीदाराला म्हणाले, लिही. त्यानं विचारलं, काय लिहू साहेब? ते म्हणाले, ऐकलंस ना, तेच लिही.

३१ डिसेंबर, शुक्रवार

माई मधूनमधून मला आई समजते. मधूनमधून परकी बाई समजून, बसा, म्हणते. पण दिवसातून एकदोनदा लख्ख कमली म्हणते, आणि शाल माझ्याच अंगावर घालते. आज वेणी घालून दे म्हणाली. केस कुठं उरले आहेत! घातली.

पाहुण्यांच्या खोलीत रविवारपर्यंत राहायचं ठरलं आहे. सोमवारची परतीची गाडी.

४ जानेवारी २०२२, मंगळवार

सोमवारची गाडी गेली. आज दुपारपासून गेट बंद – बाहेरच्या कोणालाही आत घेणार नाहीत, कागद कसलाही असो. श्रीपादराव काल सकाळीच विचारायला आले होते, जाता की राहता. माईच्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे.

मी आत आहे.