नव्वद फूट केबल

बोईसर,
शुक्रवार, १० मार्च १९६७

प्रिय सुगंधा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण लिहून फाडत होतो. तू विचारलंस, पंढरीचं काय झालं. दिवाळीला माझ्याबरोबर घरी आलेला वायरमन, तुझ्या शेंगोळ्यांना नावं ठेवत चार वाट्या संपवणारा, त्याची सोमवारी पालघरच्या कोर्टात तारीख आहे. त्याच्या निष्काळजीपणाने एक बाई मेली, असा गुन्हा आहे. मागच्या पत्रात मी तुला एवढंच कळवलं होतं. ते पुरतं नव्हतं.

इथल्या बांधकामावरच्या एका परदेशी इंजिनिअरने बोटीने घरगाडी आणली. मोटारीमागे जोडून ओढायचं पत्र्याचं घर. आत दोन पलंग, मोरी, शेगडी, बर्फाचं कपाट. सुट्टीला राहायचं म्हणून ती चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभी केली. बघायला गावं लोटली. एक म्हातारी गाडीभोवती फिरून म्हणाली, "घर हाय तर याचं जोतं कुटं हाय?" जवळच्या बंगल्यातून गाडीला वीज द्यायची होती. अंतर नव्वद फूट. केबल आणायचं काम साहेबाने माझ्यावर सोपवलं. मी पंढरीला घेऊन पालघरला गेलो.

दुकानात दोन प्रकारची केबल होती. एक जाड, रबरी, आत तीन तारा. पण चाळीसच फूट शिल्लक. पुरेशी हवी तर मुंबईहून यायला आठवडा. दुसरी दोन तारांची, शंभर फुटांचं अख्खं वेटोळं. पंढरी म्हणाला, "भाऊ, तिसरी अर्थिंगची तार लागंल. डबा पत्र्याचा हाय. आत कुठं वायर उघडी पडली तर ती तार करंट जमिनीत नेती, फ्यूज उडतो. ती नसली तर सगळ्या डब्यात करंट उतरंल." मी म्हणालो, "तुझ्या घरात किती तारा आहेत रे?" तो म्हणाला, "माज्या घरात कंदील हाय. पण मी घर मोटारीला बांधून फिरवत नाय." दुकानदार हसला. मीही हसलो आणि दोन तारांची घेतली. रविवारी साहेबाकडे पाहुणे येणार होते. क्वार्टरची यादी त्याच आठवड्यात लागायची होती आणि तिथे साहेबाचा शब्द चालत होता. दोन वर्षं मी एका खोलीत सहा जणांबरोबर झोपतो, तू तिकडे आईच्या हाताखाली. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. दुकानात माझ्या डोक्यात हेच होतं, म्हणून लिहितो.

रविवारी सकाळी रखमा गाडीच्या पायऱ्या धूत होती. ती शेजारच्या पाड्यावरची, बंगल्यावर पाणी भरायची. पाय अनवाणी, खाली ओली वाळू. आत जायला तिने दाराची मूठ धरली. मला बादली पडल्याचा आवाज आला. वाटलं, घसरली. ती घसरली नव्हती, मूठ धरून उभी होती. पंढरीने लाकडी स्टूल मारून तिचा हात सोडवला. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोईसरचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत ती गेली. मुठीवरची नक्षी तिच्या तळहातावर उमटली होती. नंतर गाडी उघडली, तेव्हा चौकटीखाली घासून उघडी पडलेली वायर सापडली. पंढरी म्हणाला होता तसंच झालं होतं.

केबल कोणी निवडली, असं चौकशीत विचारलं. मी म्हणालो, ते वायरमन बघतो. पंढरी समोर होता. त्याने जे सांगितलं ते कोणी उतरवून घेतलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "तुमी लिवलेलं खरं, आमी बोललेलं वारा." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. रखमाचा नवरा झिपरू मात्र बोलतो. परवा तो खोलीवर ताडगोळे घेऊन आला. "तुमच्या मांडीवर गेली, सायब. नायतर वालूत पडून ऱ्हायली आसती." मी ताडगोळे घेतले. त्याला बस म्हणालो नाही.

काल क्वार्टरची किल्ली मिळाली. दोन खोल्या, मोरी, मागे तुळशीपुरती जागा. सोमवारी कोर्टात मी साक्षीदार आहे. केबल मी निवडली, पंढरी नको म्हणत होता, एवढंच सांगायचं आहे. सांगितलं तर घर जाईल, नोकरी जाईल, कदाचित पंढरीच्या जागी मी उभा राहीन. मी धीट नाही. सहा वर्षांच्या संसारात तुला ते कळलंच आहे. म्हणून हे पत्र आजच स्टेशनवरच्या पेटीत टाकतो. एकदा टाकलं की ते परत काढता येणार नाही. तुला मिळेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल. पुढच्या पत्रात मी तुला इकडे बोलावलं, तर समज की मी कोर्टात बोललो नाही. मग येऊ नकोस.

तुझाच,
चंद्रभान