चौथ्या मजल्यावरून

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला जरा धीर येतोय. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मी अजून त्याच घरात आहे, त्याच चौथ्या मजल्यावर. श्रावणात स्वयंपाकघरातल्या ओल्या लादीवरून माझा पाय सटकला आणि खुबा मोडला. आत सळी घातली. हॉस्पिटलातून परत आणलं तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी स्ट्रेचरवरून वर चढवलं, पलंगावर ठेवलं आणि ते गेले. त्यानंतर साडेतीन महिने मी या घराबाहेर पडले नाही. दिवसातून चारदा वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी जायचे. दार उघडायचे, जिना बघायचे आणि दार लावून घ्यायचे. लिफ्ट अजून नाही. दर वर्षी सोसायटीच्या मीटिंगला विषय निघतो आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग लिफ्ट कशाला? तू होतीस तेव्हाही हेच म्हणायचे.

तू इथं आठ महिन्यांसाठी आली होतीस. करावे गावातलं आपलं घर दादाने पाडलं, तिथं बिल्डिंग बांधायला काढली, आणि ती उभी राहीपर्यंत तू माझ्याकडे राहायचं असं ठरलं. बिल्डिंग झाली तेव्हा तळमजल्यावर दुकानं निघाली आणि तुझी खोली कुठेच निघाली नाही. वास्तुशांतीला सगळे नातेवाईक जमले होते. दादा म्हणाला, "आये ऱ्हाईल ना वरती, तिसऱ्या मजल्यावर, पोरांच्या खोलीत." आणि मी सगळ्यांसमोर ताडकन बोलले, "आईला मी बघेन. मला कुणाची मदत नको." लग्न न केलेली मुलगी एवढं बोलली म्हणून बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मला बरं वाटलं होतं, आये. तू मान खाली घालून पत्रावळीवरचा भात चिवडत होतीस. तुला काय हवंय हे त्या मांडवात कुणीही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

पहिली काही वर्षं तू जिना चढ-उतर करायचीस. सकाळी पिशवी घेऊन निघालीस की खाडीकडच्या तुझ्या जुन्या मैत्रिणींकडून निवट्यांसारखी मासळी नाहीतर कालवं घेऊन दुपारी यायचीस, आणि संध्याकाळी मी पावणे एमआयडीसीतल्या कंपनीतून आले की जिन्यातच मला वास यायचा. मग तुझे गुडघे गेले. आधी एका मजल्यावर दोनदा बसायला लागलीस, मग चारदा, आणि एका दिवाळीनंतर उतरलीच नाहीस. भिंतीला धरून घरातल्या घरात चालायचीस तेवढंच. मी सकाळी सातला बाहेर पडायचे, पॅकिंगच्या लायनीवर उभी राहायचे आणि साडेसहाला परत यायचे. तुझा चहा थर्मासमध्ये, जेवण डब्यात, औषधं वाटीत. सगळं मांडून जायचे. एकदा तू म्हणालीस, "मना एकदा खाली ने गं." मी म्हटलं, "घरात सगळं आहे ना? काय कमी आहे तुला?" तू म्हणालीस, "घरान सगला हाय. बाहेर काय हाय ते घरान नाय." मी हसले होते. मला ते हट्टी म्हातारीचं बोलणं वाटलं.

एकदा मी प्रयत्न केला, हे मात्र खरं. बिल्डिंगमधल्या दोघांना हाताशी घेतलं, प्लास्टिकच्या खुर्चीत तुला बसवलं, वरून ओढणीने बांधलं. चौथ्यावरून तिसऱ्यावर आणलं आणि वळणावर खुर्चीचा मागचा पाय दुमडला. तू एका बाजूला कलंडलीस. त्या दोघांनी धरलं म्हणून वाचलीस. मी किंचाळले, दारं उघडली, माणसं बाहेर आली, कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्या माणसाचे असे हाल कशाला करता. तुला परत वर आणलं. तू पलंगावर बसून माझ्याकडे रोखून बघितलंस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "पडाया मी लागले व्हते, पन घाबरलीस तू." मी त्यानंतर तो विषयच बंद केला.

आता जे सांगायचं आहे ते त्या रविवारचं. पुढच्या पावसाळ्यात असेल. सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीच्या आतली एक बाई, कॉटनचा ड्रेस, खांद्याला पिशवी, आणि मागे दोन माणसं, त्यांच्या हातात एक दुमडलेली खुर्ची. बाई म्हणाली, वॉर्डातल्या काही लोकांनी मिळून ज्येष्ठांसाठी मदत गट सुरू केलाय. एकट्या राहणाऱ्यांना रोज फोन करतो, लागलं तर डबा देतो, आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांना आठवड्यातून एकदा या खुर्चीतून खाली आणतो. खुर्ची जिन्यासाठीच बनवलेली आहे, पट्टे आहेत, पडायची भीती नाही. "तुमच्याकडे आजी आहेत असं कळलं."

मला आधी काय वाटलं सांगू? कुणी सांगितलं हिला? दादाच्या कानावर गेलं तर तो काय म्हणेल? सगळ्यांसमोर मदत नको म्हणालेली मी, आणि आता माझ्या आईला परकी माणसं उचलून नेणार. मी दार निम्मं लोटून उभी राहिले. "आमच्याकडे गरज नाही," मी म्हटलं. "माझी आई व्यवस्थित आहे. मी आहे ना."

"एकदा आजींना विचारू का?"

"झोपल्यात त्या."

ती बाई बरं म्हणाली आणि गेली. मी दार लावलं. आतून तुझा आवाज आला, "कोन व्हता गं?"

"गॅसवाला."

"बरं," तू म्हणालीस.

त्या दिवसानंतर तू खाली न्यायचं नाव काढलं नाहीस. कधीच नाही. मला वाटलं, झाली सवय. मला सुटल्यासारखं झालं. कंपनीत मी मैत्रिणींना सांगायचे, आई आता छान रमलीय घरात. तुझ्याकडे बातम्याही असायच्या. गेटपाशी नवीन बाक टाकलाय, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला मुलगी झाली, बदामाच्या झाडाची फांदी तोडली. आपली खिडकी मागच्या गल्लीत उघडते, गेट तिथून दिसत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मग तू गेलीस. दुपारची वेळ होती, आणि तुला खाली न्यायला चार माणसं लागली. ती लगेच मिळाली. कुणाला विचारावंही लागलं नाही. कुठल्या मजल्यावरून कोण आलं मला कळलं नाही, पण तिसऱ्याच्या वळणावर त्यांनी तुला इतक्या अलगद वळवलं की मी बघतच राहिले.

मी पडल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेने माझं नाव त्याच मदत गटात घातलं. मला विचारून घातलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. आता रोज सकाळी नऊला फोन येतो, "काकू, उठलात का?" मी उठले म्हणते, आणि ते एवढंच असतं, पण नऊ वाजायच्या आधी मी केस विंचरून बसलेली असते. बाराला डबा येतो. एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. हे सगळं मी घेतलं, आये, हळूहळू, तोंड वाकडं करत का होईना घेतलं. फक्त खुर्ची नको म्हणत राहिले. दर बुधवारी फोनवर ते विचारायचे, दर बुधवारी माझं काहीतरी असायचं. आज पाय दुखतोय. आज कुणीतरी येणार आहे. कुणी येणार नसायचं. मी दार उघडून जिना बघायचे आणि मला घाम फुटायचा. रात्री वाटायचं, आग लागली तर? दिवसा वाटायचं, नाही लागली तर? मग हे असंच चालणार.

शेवटी गट चालवणाऱ्या ताई स्वतः आल्या. साठी उलटलेल्या, केस सगळे पांढरे. त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीतून खाली बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "या घरात मी खूप वेळा आलेय. इथं एक आजी असायच्या. तुमच्या कोण?"

"माझी आई."

त्या वळल्या. माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांनाही कळलंय. त्या रविवारी दारात उभी राहिलेली बाई हीच, हे मी ओळखलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं.

मी म्हटलं, "मी तुम्हाला परत पाठवलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "पण आजींनी परत बोलावलं ना."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तू मला अडीच वर्षं सांगितलं नाहीस. त्या रविवारनंतर चार दिवसांनी त्या ती दुमडलेली खुर्ची घेऊन मागच्या गल्लीतून जात होत्या. तू खिडकीतून हाक मारलीस, "ए बाय! खुर्चीवाले बाय!" त्या वर आल्या. त्यांना वाटलं, तुला खाली यायचंय. त्या म्हणाल्या, लगेच माणसं बोलावते. तर तू म्हणालीस, "नको. पोरीनं नाय सांगितलाय. तिच्या जिवाला लागंल. तू नुसती येऊन बस." म्हणून त्या दर मंगळवारी दुपारी येऊन बसायच्या. अर्धा तास. तू त्यांना तुझ्या थर्मासमधला अर्धा चहा द्यायचीस आणि म्हणायचीस, "आता खालचा सांग." त्या सांगायच्या. बाक, इस्त्रीवाला, बदामाची फांदी.

"मी पुष्कळदा विचारलं," ताई म्हणाल्या. "आजी, मुलगी कामाला गेलीय, पाऊण तासात परत आणते, तिला कळणारही नाही. तर म्हणायच्या, तिला नाय कळणार, पन मना कळंल ना."

माझ्या हातात वॉकर होता आणि तो सोडून तोंड झाकताही येत नव्हतं. तू ऐकलं होतंस. गॅसवाला म्हटलं तेव्हा तू ऐकून बरं म्हणाली होतीस. कुणाची मदत नको हा शब्द मी मांडवात दिला होता, आणि तो पाळलास तू, या दोन खोल्यांत, मरेपर्यंत. मी दार बाहेरून कधी लावलं नाही, आये. लावायची गरजच तू ठेवली नाहीस.

ताईंनी मला बसू दिलं. समजावलं वगैरे नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग बुधवारी?" मी हो म्हटलं. तुझ्यासाठी हो म्हटलं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तुला जे मिळालं नाही ते मी तुझ्या नावाने घ्यायचं, जिन्यावर तुझी आठवण काढायची, खाली पोचल्यावर तुझी माफी मागायची. मंगळवारभर मी ते शब्द जुळवत होते.

बुधवारी दोन माणसं आली. एक रिक्षा चालवतो, दुसरा कुठल्याशा शाळेत शिपाई होता. त्यांनी पट्टे बांधले, "काकू, हात आत ठेवा, खाली बघू नका," म्हणाले, आणि खुर्ची पायरीवरून सरकली. तिसऱ्याच्या वळणावर मी डोळे गच्च मिटले. काही झालं नाही. मी खाली आले.

खाली ऊन होतं. मला गेटपाशी झाडाखाली बसवलं. पायांवर ऊन पडलं, मी चपला काढून पाय पुढे केले. कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तो किका मारत होता आणि मी त्याला चोक ओढ म्हणून सांगत होते. एक मासेवाली आली, करावे गावातलीच, पाटी माझ्यासमोर उतरवून म्हणाली, "ताजा हाय, बघ हात लावून." मी तिच्याशी यथेच्छ भांडले. बोंबील घेतले. साफ करून दे म्हटलं तर ती नाही म्हणाली, मग पुन्हा भांडले. रिक्षावाल्याने चहा आणला, तो मी फुरके मारत प्यायले. पाऊण तास संपला असं ते म्हणाले तेव्हा मी म्हटलं, अजून दहा मिनिटं.

वर आल्यावर, पट्टे सोडून ती माणसं गेल्यावर, मी पलंगावर बसले आणि मग मला माफीचे ते शब्द आठवले. म्हणून हे लिहितेय. कुणाला दाखवायचं नाही, कुठं पाठवायचं नाही, लिहून झालं की पलंगाच्या गादीखाली सारून देणार आहे. एवढंच सांगायचं होतं. ती मासेवाली अगदी तुझ्यासारखं बोलत होती, आये, हुबेहूब. आणि त्या सबंध पाऊण तासात मला तू एकदाही आठवली नाहीस.